महायुद्धकालीन लष्करी ट्रकचा अनोळखी सुटा भाग कसा ओळखावा

मुंबई-पुण्याच्या भंगार बाजारात लष्करी वाहनांचे जुने सुटे भाग आजही हाती लागतात, आणि एकाच ढिगात निरनिराळ्या देशांचे लोखंड मिसळलेले असते. फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांचेही जुळणी कारखाने महायुद्धाच्या काळात मुंबईत होते. १९४७ पासून महिंद्राने याच शहरात विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे १९५९ मध्ये जबलपूरला शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. विकणारा या सगळ्याला सरसकट ‘मिलिटरी माल’ म्हणतो. त्याच्या सांगण्यावर विसंबू नये. भागाचे नाव सर्वात शेवटी ठरवावे. आधी त्याच्या अंगावर जे दिसते आणि जे मोजता येते, त्याची नोंद करावी.

स्वच्छतेची घाई हा या कामातला सर्वात मोठा शत्रू आहे. ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश किंवा वाळूचा मारा गंजाबरोबर अंकही खाऊन टाकतो, आणि एकदा गेलेला अंक परत येत नाही. भाग रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा, निघालेला मळ लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा आणि मग पितळी तारांचा हातब्रश हलकेच फिरवावा. मूळ रंग शिल्लक असेल, तर धुण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. मेणकागदाचे वेष्टन किंवा पुठ्ठ्याची चिठ्ठी सोबत असेल, तर ती भागाइतकीच जपावी. पृष्ठभाग कोरडा झाल्यावर त्यावर खडू घासून बोटाने पुसावा आणि बाजूने बॅटरीचा तिरपा उजेड टाकावा. डोळ्यांना न दिसणारे आकडे पांढऱ्या रेषांनी उठून येतात.

उठावाचे अंक आणि ठोकलेले अंक यांत फरक करावा. उठावाचे अंक साच्यातून येतात. एकाच ओतीव तुकड्यावर वेगवेगळे यंत्रकाम करून दोन भाग बनवता येत असल्यामुळे साच्याचा क्रमांक यादीतल्या भाग-क्रमांकाशी जुळेलच असे नाही. शेवर्लेच्या ओतीव भागांवर तारखेचा संकेतही आढळतो: पहिले अक्षर महिन्याचे, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ ३’ म्हणजे १४ मार्च, परंतु ते १९४३ साल की १९५३, हे इतर पुराव्यावरूनच ठरवावे लागते.

काही खुणा मात्र बोलक्या असतात. फोर्डने आपल्या जीपच्या भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरही, वळणदार ‘एफ’ उमटवला. ‘सी’ अक्षराच्या पोटात बाण असेल, तर तो माल कॅनडा सरकारचा. नुसता रुंद बाण ब्रिटिश सरकारचा. ही सरकारी मालकीची खूण आहे, कारखान्याची नव्हे.

तेरा अंकी साठा-क्रमांक (लष्करी पुरवठ्यातल्या प्रत्येक वस्तूला दिलेला नाटो पद्धतीचा क्रमांक) दिसला, तर पहिले चार अंक वर्ग सांगतात: २५२० म्हणजे गिअरबॉक्स व शक्तिवहन, २५३० म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, अॅक्सल आणि चाके, २९२० म्हणजे इंजिनची विद्युतव्यवस्था. पुढचे दोन अंक देशाचे असतात. ०० आणि ०१ अमेरिका, २१ कॅनडा, ९९ ब्रिटन, ७२ भारत. ही तेरा अंकी पद्धत १९७४ ची आहे. म्हणून असा क्रमांक असलेली चिठ्ठी युद्धकाळातली नसते, आतला भाग जुना असला तरी.

क्रमांक मुळीच नसेल, तर आट्यांकडे वळावे. व्हर्नियर आणि आट्यांचा गेज एवढीच साधने पुरतात. पाच-सोळांश इंचाच्या बारीक आट्यात ब्रिटिश पद्धतीत इंचाला २२ आटे आणि ५५ अंशांचा कोन असतो, तर अमेरिकी पद्धतीत २४ आटे आणि ६० अंश. हाच व्यास ७.९४ मिलिमीटर भरतो, त्यामुळे घाईत तो आठ मिलिमीटरचा समजला जातो. मेट्रिक आटे निघाले, तर अमेरिकी किंवा कॅनडियन ट्रक बाजूला ठेवून शक्तिमान आणि जोंगा (भारतीय सेनेची जीपसारखी गाडी) यांच्याकडे पाहावे. मोजणी बोल्टवर न करता भागाच्या अंगातल्या भोकावर करावी, कारण बोल्ट ऐंशी वर्षांत कितीदा बदलला असेल याचा नेम नसतो.

दात्यांची मोजणी किती निर्णायक ठरते, ते मी स्वतः अनुभवले. युद्धातल्या जीपचा, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या भाषेत पाव टनी ट्रकचा, म्हणून एक क्राउन-पिनियन (अॅक्सलमधली मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी) मी घेतला होता. घरी येऊन एका दातावर खडूची खूण केली आणि मोजले: पिनियनला ८, क्राउनला ४३. भागाकार ५.३८ येतो. युद्धकालीन जीपला ८ आणि ३९ दाते, म्हणजे ४.८८ चे प्रमाण लागते. माझ्या हातातली जोडी युद्धोत्तर जीपची होती. बाजारात उभ्या उभ्या दोन मिनिटे मोजले असते, तर पैसे वाचले असते. शाफ्टच्या स्प्लाइनही (दांड्यावरच्या लांबट खाचा) अशाच मोजाव्यात.

निमुळत्या रोलरच्या (टेपर) बेअरिंगमध्ये आतली कडी (‘कोन’) आणि बाहेरची कडी (‘कप’) यांचे क्रमांक वेगळे असतात, ते दोन्ही लिहावेत. कार्बोरेटर, डायनामो, स्टार्टर यांच्यावरचा क्रमांक सहसा त्या उपकरणाच्या कंपनीचा असतो, ट्रकच्या कंपनीचा नव्हे. यादीत शोधताना हे विसरल्यास तास वाया जातात.

एवढी नोंद झाल्यावरच लष्करी भागसूची उघडावी. अमेरिकी सूचीत विलीज-फोर्ड जीप जी-५०३, पाऊण टनी डॉज जी-५०२ आणि अडीच टनी जीएमसी जी-५०८ या गटांत येतात. आधी चित्र जुळवावे, मग मापे, आणि शेवटी क्रमांक. तिन्ही जुळल्यास ओळख पक्की समजावी. दोनच जुळल्यास भाग तारेने पत्र्याची चिठ्ठी बांधून ठेवावा, तिच्यावर ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहावे, आणि ब्रेक किंवा स्टिअरिंगचा असा भाग पक्की खात्री होईपर्यंत गाडीला लावू नये.