लघवी आली म्हणजे बलून पोचला असं नाही

मिरजेत जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करणाऱ्या पोरापोरींचा ठरलेला प्रश्न असतो, दादा उद्यापासून सर्जिकल वॉर्डला पोस्टिंग आहे, कॅथेटर (लघवीसाठी मूत्राशयात घालायची नळी) टाकायला लावतील का? लावतील. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही आणि प्रोस्टेटच्या, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी वाढून लघवी अडलेल्या, म्हाताऱ्यांनाही नाही. जत, आटपाडी, पलीकडून अथणी, विजापूर, कुठंही लघवी तुंबली की गाडी मिरजेकडं वळते, मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ ला इथं दवाखाना काढला तेव्हापासूनची सवय आहे लोकांची. त्यामुळं केस मिळेल का याची काळजी सोडा.

प्रोसिजर मी परत सांगत बसत नाही. ट्रे लावणं, स्टराईल ग्लोव्हज, बीटाडीन, हे तुम्ही लॉगबुकात लिहून लिहून पाठ केलंय. नळीच्या जाडीच्या नंबरचंही माहीत असेल, हे नंबर फ्रेंच मापातले, चौदा हिरवा, सोळा केशरी, अठरा लाल, आणि तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर जाडी. मला बोलायचंय फक्त बलूनबद्दल, म्हणजे नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाजवळ पाण्यानं फुगवतात त्या फुग्याबद्दल, कारण वॉर्डात सगळ्यात जास्त वाट तिथंच लागते आणि परीक्षेत त्याला एक ओळ असते, 'बलून इन्फ्लेट करावा'. कधी, कुठं पोचल्यावर, ते कोण सांगणार?

मला शिकवलं गेलं ते असं, नळी आत सरकव, लघवी आली की लगेच दहा मिली मार. मी ज्या दवाखान्यात शिकलो तिथं सगळे असंच करायचे आणि दहातल्या आठ पेशंटला काही होत पण नव्हतं, म्हणून तर ही खोड टिकते.

आता नळी हातात घ्या आणि नीट बघा. पेशंटसाठीची नवी फाडू नका, एखादी एक्स्पायर झालेली मागून घ्या स्टोअरमधून आणि टेबलावर ठेवून बघा. लघवी आत घेणारं छिद्र एकदम टोकाला आहे. बलून त्याच्या खाली. म्हणजे छिद्र मूत्राशयात शिरलं की लघवी सुरू झाली, पण बलून अजून मागंच आहे, आणि पुरुषाच्या बाबतीत मागं म्हणजे कुठं, तर प्रोस्टेटमधून जाणाऱ्या मूत्रमार्गात. तिथं तुम्ही पाणी भरलं तर काय होणार? दहा मिलीचा गोळा अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड होतो, मूत्रमार्ग त्याच्या निम्म्याचाही नाही. दाराच्या चौकटीतच छत्री उघडल्यासारखं आहे ते, फक्त इथं चौकट फाटते. रक्त येतं, पेशंट ओरडतो, आणि आज नाही ओरडला तरी पुढं काही महिन्यांनी धार बारीक झाली म्हणून परत येतो, स्ट्रिक्चर, म्हणजे आकसलेला मूत्रमार्ग घेऊन. तेव्हा कुणाला आठवत नाही की कॅथेटर कुणी टाकला होता.

म्हणून पुरुष पेशंट असेल तर लघवी आली तरी थांबायचं नाही. नळी दोन फाट्यांपर्यंत, म्हणजे जिथं तिचा वाय होतो तिथपर्यंत आत सरकवायची. पूर्ण. बाहेर वीतभर नळी लोंबतीय आणि तुम्ही सिरींज लावताय असं दिसलं तर हात मागं घ्या. पुरुषाचा मूत्रमार्ग अठरा-वीस सेंटिमीटरचा असतो आणि नळी त्याच्या जवळपास दुप्पट लांब असते, तेव्हा वायपर्यंत घातली म्हणून कुठं घुसेल अशी भीती बाळगू नका, मूत्राशयात ती वळून बसते. मग बलून फुगवायचा आणि मगच हळूच मागं ओढायचं, अडकेपर्यंत. बाईच्या बाबतीत मार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, तिथं वायपर्यंत जायची गरज नसते, पण लघवी दिसल्यावर अजून चार-पाच सेंटिमीटर पुढं घ्यायचंच.

फुगवताना सिरींज जड लागली तर थांबा. पेशंटनं तोंड वेडंवाकडं केलं तर थांबा. दट्ट्या सोडल्यावर पाणी आपोआप सिरींजमध्ये परत यायला लागलं तर थांबा, पाणी काढून घ्या, नळी अजून आत घ्या. योग्य जागी बलून फुगतो तेव्हा दुखत नाही, हे डोक्यात कोरून ठेवा, म्हणून पेशंटशी बोलत राहायचं. मिरजेत बरेच पेशंट कन्नड बोलणारे, तेव्हा दुखतंय का एवढं तरी कन्नडमधून विचारता आलं पाहिजे, नाहीतर म्हातारा सांगत राहतो आणि आपण "झालं झालं आजोबा" म्हणत पाणी मारत राहतो. आणि बेशुद्ध पेशंट, किंवा स्पायनलचा, म्हणजे पाठीतून दिलेल्या भुलीचा असर असलेला पेशंट असेल तर तोही इशारा गेला, तिथं वायपर्यंत गेल्याशिवाय सिरींजला हातच नाही.

उलटा प्रकार पण होतो. नळी पूर्ण आत आणि लघवीच नाही. बऱ्याचदा नळी सरकावी म्हणून वापरलेल्या जेलीनं छिद्र बुजलेलं असतं, दोन मिनिटं थांबा, ओटीपोटावर हलकं दाबून बघा, नाहीतर थोडं सलाईन सोडून बघा. लघवी नाही तर बलून नाही. दोन्ही पाहिजेत, लघवी पण आणि वाय पण.

हे मला कुणी शिकवलं म्हणाल तर नाईटच्या एका इन्चार्ज सिस्टरनी. मी सिरींज लावली आणि त्यांनी नुसतं माझ्या मनगटावर बोट ठेवलं, म्हणाल्या, "बाहेर किती राहिलीय रे नळी?" बास. ओरडल्या नाहीत, पेशंटसमोर इज्जत काढली नाही. असा माणूस वॉर्डात एक असतोच, त्याच्या ड्युट्या बघून आपली ड्युटी लावून घ्या, बाकी कुठल्याही मोठ्या नावाच्या मागं लागू नका. वॉर्डातल्या मामांबद्दल, म्हणजे वॉर्डबॉयबद्दल, माझं मत जरा मिश्र आहे. त्यांचा हात हलका असतो, जेली आत सोडून तीन-चार मिनिटं थांबायचं, घाई करायची नाही, हे मी मामांकडंच बघितलं, आणि ट्यूटर लोकांनी कित्येक वर्षांत खरा पेशंट हाताळलेला नसतो हे पण खरं. पण का करायचं ते मामांना विचारू नका. आणि यूट्यूब बघून शिकणाऱ्यांना, तिथला सरावाचा पुतळा ओरडत नाही, त्याला प्रोस्टेट पण नाही, एवढंच म्हणतो.

पाण्याचं. बलूनमध्ये डिस्टिल्ड वॉटर, वॉटर फॉर इंजेक्शनची ती प्लास्टिकची छोटी बाटली. सलाईन नाही, त्यातल्या मिठाचे खडे धरून बलून भरायची आतली बारीक नळी बुजू शकते आणि काढायच्या दिवशी बलून खाली होत नाही. हवा नाही, बलून लघवीवर तरंगतो. नळाचं पाणी घेणारा महाभाग पण बघितलाय, त्यावर काय बोलायचं. व्हॉल्व्हवर किती मिली ते छापलेलं असतं, वाचा, तीसवाला वेगळा असतो. आणि हे ज्ञान घेऊन आयसीयूत गेल्यावर गोंधळ घालू नका, कारण श्वासासाठी श्वासनलिकेत घालतात त्या साध्या ईटी ट्यूबच्या कफमध्ये, म्हणजे तिच्या फुग्यात, हवाच असते. तिथं प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतकं ठेवायचं, जास्त झालं तर श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो, कमी झालं तर लाळ खाली उतरते. त्या कफला जोडलेला बाहेरचा छोटा पायलट बलून बोटानं दाबून "ठीक आहे" म्हणायची पद्धत सगळीकडं आहे, मला पटत नाही. कफ प्रेशरचं मीटर बहुतेक ठिकाणी कपाटात कुलपात असतं, मागा, दोनदा मागितलं की देतात. लेबर रूमला पोस्टिंग लागलं तर तिसराच प्रकार बघाल, बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर कॅथेटरला कंडोम बांधून गर्भाशयात सलाईननं फुगवतात, अडीचशे ते पाचशे मिली. बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी काढलेली युक्ती, महागड्या बलूनपेक्षा कितीतरी स्वस्त आणि जीव वाचवणारी. तिथं सलाईन चालतं. प्रत्येक बलूनच्या पोटात काय घालायचं ते वेगळं, पाठ करू नका, कारण समजून घ्या.

एक ठिकाण असं आहे जिथं तुम्ही हातच लावायचा नाही. ऊसतोडीच्या सीझनला ट्रॉलीखाली, बैलगाडीखाली सापडलेले लोक येतात, कमरेचं हाड मोडलेलं असतं. अशा माणसाच्या लघवीच्या वाटेवर रक्ताचा थेंब दिसला तर नळी खाली ठेवा आणि सर्जनना फोन करा. कॅज्युअल्टीत कितीही आरडाओरडा चालू असला आणि इंटर्न "टाक रे पटकन" म्हणाला तरी. शिव्या खाल्ल्या तरी चालतील.

आमच्यासारख्या ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, लोकांना एक वेगळंच. घरचे विचारतात हे असलं काम करायला शिकलास का, पाव्हणे हसतात. हसू दे. वॉर्डात पुरुष पेशंटला तुम्हीच हवे असता, लाजेनं लघवी तुंबवून बसलेला बाप्या सिस्टरला नको म्हणतो आणि तुम्हाला बघून सैल पडतो. बाई पेशंट असेल तर सिस्टरना पुढं करा, अगदीच वेळ आली तर बाईची परवानगी घ्या आणि शेजारी सिस्टर किंवा मावशी उभ्या पाहिजेत. मुलींनो, तुम्हाला पुरुष पेशंटच्या केस मुद्दाम देत नाहीत, मागून घ्या, नाहीतर लॉगबुकात सही होईल आणि हात कोरा राहील. हात थरथरणं जातं, खरंच जातं, मला वाटायचं माझं कधीच जाणार नाही.

पास झाल्यावर होम केअरचे फोन सुरू होतात, घरी येऊन नळी बदलून द्या, पैसे बरे मिळतात. पगार बघता मोह होतो, मला कळतं. पण प्रोस्टेटच्या पेशंटची नळी एकट्यानं घरात बदलायला नव्या पोरानं जाऊ नये, तिथं मनगटावर बोट ठेवायला कोणी नसतं. बाकी घरात गेलात तर नातेवाईकांना दोन गोष्टी सांगा, युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता, रिक्षात मांडीवर घेऊन बसायचं नाही. आणि हवेची गादी घेतली म्हणजे कूस बदलायची नाही असं नाही, ती घेतात, वर जाड गोधडी टाकतात आणि मग पाठीला जखम झाली की कंपनीला शिव्या घालतात. दर दोन तासांनी वळवायचं, वर फक्त एक पातळ चादर.

नळी काढताना सिरींज लावा आणि पाणी आपोआप येऊ द्या, खसकन ओढलं तर आतली नळी चिकटते. बलून खाली होत नसेल तर कात्री घेऊ नका, डॉक्टरांना बोलवा. टाकतानाच केस पेपरवर लिहा, किती नंबर, लेटेक्स की सिलिकॉन, किती मिली घातलं. सिलिकॉनमधून पाणी हळूहळू झिरपतं, दहा घातलेलं आठ परत येऊ शकतं, पण मुळात दहा घातलं होतं हेच लिहिलेलं नसेल तर काढणाऱ्याला काय कळणार की आत अजून राहिलंय का.