दुर्मीळ कर्करोगाचे निदान नुकतेच झालेल्या माणसाच्या सोबत्यासाठी तयारीची यादी

पुढच्या भेटीला निघण्यापूर्वी पॅथॉलॉजीच्या अहवालात आजाराचे नाव जसे छापले आहे तसेच, उपप्रकार आणि श्रेणीसह, एका वहीत उतरवून घ्यावे. रुग्ण स्वतः बहुधा ‘पोटात गाठ आहे’ एवढेच सांगेल, आणि त्या दिवसांत त्याच्याकडून अधिकची अपेक्षा करूही नये. पण सोबत्याला तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण एकट्या सार्कोमाचेच, म्हणजे हाडे, स्नायू, चरबी अशा ऊतींत होणाऱ्या कर्करोगाचेच, 70 हून अधिक उपप्रकार आहेत आणि त्यांचे उपचार सारखे नसतात. जठर किंवा आतड्याच्या भिंतीत होणारी ‘जिस्ट’ ही गाठ नेहमीच्या केमोथेरपीला फारशी दाद देत नाही, मात्र तिच्या पेशींतील ‘किट’ जनुकात बदल झालेला असेल तर इमॅटिनिबच्या गोळ्यांनी ती बहुतेकदा आटोक्यात येते. नावातच घोटाळा राहिला, तर पुढची प्रत्येक चर्चा भलत्याच आजाराविषयी होत राहते.

नावाची खातरजमा करायची तर बायोप्सीचा नमुना लागतो. अमेरिकेत वर्षाला लाखामागे 15 हून कमी आणि युरोपात 6 हून कमी नवे रुग्ण आढळणाऱ्या कर्करोगाला दुर्मीळ म्हणतात. त्यामुळे एखाद्या कुशल पॅथॉलॉजिस्टच्याही नजरेखालून अशी गाठ कारकिर्दीत मोजक्याच वेळा गेलेली असू शकते. म्हणून ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तेथे लेखी अर्ज करून मेणात बसवलेले ऊतीचे ठोकळे, म्हणजेच ब्लॉक, आणि काचेच्या स्लाइड मागून घ्याव्यात, मिळाल्याची नोंद ठेवावी आणि त्या आजाराचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून त्यांची फेरतपासणी करून घ्यावी. जनुकीय चाचण्याही बहुधा याच ठोकळ्यांवर होतात आणि प्रत्येक चाचणीगणिक ऊती खर्ची पडते, तेव्हा ठोकळा सध्या कोणाकडे आहे आणि त्यात किती ऊती शिल्लक आहे, हे सोबत्याला ठाऊक असावे. दुसरे मत मागितले तर डॉक्टर दुखावतील अशी भीती अनेक कुटुंबांना वाटते. या आजारांत ती मनात ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बायोप्सी व्हायचीच असेल आणि सार्कोमाचा संशय असेल, तर ती पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाच्या सल्ल्यानेच करावी, कारण सुई ज्या वाटेने गेली ती वाटही पुष्कळदा शस्त्रक्रियेत काढावी लागते.

स्कॅनचा छापील अहवाल पुरेसा नसतो. मूळ प्रतिमांची सीडी घ्यावी आणि ती उघडते की नाही हे घरीच पाहावे. चालू औषधे, त्यांचे प्रमाण आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून ठेवाव्यात.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न रुग्णासोबत बसून आधी लिहावेत आणि सर्वांत महत्त्वाचे तीन वरती घ्यावेत, कारण पहिले वाईट उत्तर कानी पडल्यानंतरचे फारसे काही ध्यानात राहत नाही. या आजाराचे किती रुग्ण आपण पाहिले आहेत, निर्णय शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधोपचारतज्ज्ञ यांच्या एकत्रित बैठकीत होणार का, आणि एखादी क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची रुग्णांवरील चाचणी, चालू आहे का, हे प्रश्न त्यांत असावेत. अपत्यप्राप्तीची इच्छा असलेल्या रुग्णाने बीजांडे किंवा शुक्राणू जतन करण्याविषयी केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीच विचारावे. नंतर विचारून बहुधा उशीर झालेला असतो. संभाषण ध्वनिमुद्रित करायचे असल्यास डॉक्टरांची परवानगी घ्यावी.

आयुर्मानाचे आकडे आपणहून शोधून रुग्णापुढे ठेवू नयेत. इतक्या थोड्या रुग्णांवरून काढलेली सरासरी डळमळीत असते आणि तिच्यात बरेचदा जुन्या उपचारांचा काळ मिसळलेला असतो. किती ऐकायचे, हे रुग्णालाच विचारावे, आणि आज नको म्हणाला तर काही दिवसांनी पुन्हा विचारावे. नातेवाइकांचे फोन घेण्याचे काम घरातल्या एकाच व्यक्तीकडे सोपवावे. रोज दहा जणांना तीच हकिकत सांगण्याने रुग्ण उपचारांआधीच थकतो. त्याच आजारातून गेलेल्या कोणाशी बोलायची इच्छा त्याने दाखवली, तर त्या व्यक्तीचा उपप्रकारही तोच आहे ना, हे वहीतल्या नावाशी ताडून पाहावे आणि मगच दोघांची गाठ घालून द्यावी.