सोळा रंग म्हणजे नेमके किती? जुने होम कॉम्प्युटर तोलताना या चुका टाळा

झेडएक्स स्पेक्ट्रम १५ रंग, कमोडोर ६४ १६ रंग, अटारी ८०० तब्बल २५६. असा तक्ता मीही एकदा हौसेने केला आणि अटारीला पहिला नंबर देऊन मोकळा झालो. मग एम्युलेटरवर (जुनं मशीन आजच्या कॉम्प्युटरवर हुबेहूब चालवणारा प्रोग्राम) तिघांची चित्रं शेजारीशेजारी लावली. तक्ता केराच्या टोपलीत गेला.

चूक साधी होती. पेटीत रंग किती आहेत ते मी मोजलं, चित्रात एका वेळी किती उतरतात ते बघितलंच नाही. अटारीच्या २५६ छटा खऱ्या आहेत, तेही जीटीआयए ही रंगांची चिप असेल तर. आधीच्या सीटीआयएवर १२८च. पण तिच्या १६० बाय १९२च्या ग्राफिक्स मोडमध्ये त्यातले चारच रंग एकदम वापरता येतात. जास्त हवे असतील तर टीव्हीवर चित्र वरून खाली उमटत असतानाच प्रोग्रामने मधल्या मधे रंग बदलायचे. अटारीच्या खेळांत आभाळ आडव्या पट्ट्यांनी रंगवलेलं दिसतं ते बऱ्याचदा यामुळेच.

वर्तुळाचा रंग आपोआप का बदलला?

स्पेक्ट्रमवर हे करून बघा. काळ्या पेपरवर (मागचा रंग) लाल इंकने (रेघेचा रंग) एक वर्तुळ काढा, मग त्याच्या मधून पिवळी आडवी रेघ ओढा. रेघ जिथे वर्तुळाला छेदते तिथे वर्तुळाचा तुकडाही पिवळा होतो, आणि तोही एका ठिपक्यापुरता नाही, आठ बाय आठ ठिपक्यांच्या अख्ख्या चौकोनापुरता. एम्युलेटर बिघडलेला नाही, सेटिंग शोधत बसू नका. १९८२च्या मूळ मशीनवरही हेच व्हायचं. पडद्यावर ३२ गुणिले २४, म्हणजे ७६८ चौकोन आणि प्रत्येकाला एकच इंक, एकच पेपर. ब्राइट (उजळपणा) आणि फ्लॅश (लुकलुकणं) हेसुद्धा चौकोनाला मिळून.

कंजूषपणा वाटतो, पण हिशेब मांडून बघा. ठिपक्यांना ६१४४ बाइट, रंगांना ७६८, एकूण ६९१२. प्रत्येक ठिपक्याला पंधरापैकी हवा तो रंग द्यायचा तर २४,५७६ बाइट लागले असते, आणि स्पेक्ट्रमच्या स्वस्त मॉडेलची सगळी रॅमच १६ केबी होती!

एका रंगाने चौकोनातला दुसरा असा बदलण्याला कलर क्लॅश म्हणतात. इथून लोक थेट दुसऱ्या टोकाला जातात: ‘कमोडोरवर असला कलर क्लॅश नव्हताच.’ होता की. त्याच्या ३२० बाय २०० हाय-रेझ (बारीक ठिपक्यांच्या) मोडलाही आठ बाय आठच्या चौकोनात दोनच रंग मिळतात. मल्टिकलर मोडमध्ये चार मिळतात, पण ठिपका दुप्पट रुंद होतो आणि चारातला एक रंग सगळ्या पडद्याला सामाईक असतो. मग खेळातला हिरो झाडामागून गेला तरी झाडाचा रंग का बदलत नाही? कारण हिरो मुळात त्या चित्राचा भागच नसतो. तो स्प्राइट असतो, व्हीआयसी-टू चिपने वरून ठेवलेला, स्वतःचा रंग घेऊन फिरणारा. असे आठ स्प्राइट हार्डवेअरमध्येच आहेत. तेव्हा खेळाचे स्क्रीनशॉट तोलताना पार्श्वभूमी वेगळी बघा, स्प्राइट वेगळे.

मेमरी विसरू नका

१९८४मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय कॉम्प्युटर-शिक्षण प्रकल्पातून भारतातल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले. त्याच्या मोड २मध्ये कुठल्याही ठिपक्याला आठपैकी कुठलाही रंग देता येतो, क्लॅश अजिबात नाही. पण पडदाच २० केबी खातो, आणि मॉडेल बीची रॅम ३२. सिस्टिमचा वाटा वजा जाता कॅसेटवाल्या मशीनवर प्रोग्रामला साडेआठ केबी उरतात. डिस्क लावली तर त्याहून कमी. म्हणून मोठे खेळ कमी रंगांच्या मोडमध्ये सापडले तर ‘मशीन कमकुवत’ असं लिहू नका.

एपल टूचं चित्र काळंपांढरं दिसतंय?

एम्युलेटरमध्ये मॉनिटरचा प्रकार मोनोक्रोम (एकरंगी) नाही ना, ते बघा. त्याच्या २८० बाय १९२ मोडमध्ये मेमरीत रंग असा साठवलेलाच नसतो. ठिपके चालू-बंद असतात, आणि त्यांच्या बारीक नक्षीला अमेरिकेतल्या एनटीएससी या सिग्नल-पद्धतीचा टीव्ही जांभळा, हिरवा, केशरी, निळा समजतो. एम्युलेटर एनटीएससी किंवा कंपोझिट सेटिंगवर ठेवला की रंग येतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ही जादू चालत नाही.

माणसं लुकडी दिसत असतील तर रुंदी तपासा. कमोडोरचं १६० बाय २००चं चित्र आडवं दुप्पट ताणायचं असतं.

आणि एकाच कमोडोरचा तपकिरी दोन एम्युलेटरवर दोन तऱ्हांचा दिसला तर भांडू नका. व्हीआयसी-टू लाल-हिरवा-निळा असे आकडे देतच नाही, टीव्हीसाठी उजेड आणि रंगछटेचा सिग्नल देते. त्याचं आकड्यांत भाषांतर ज्याने त्याने आपापल्या परीने केलंय. सगळी चित्रं एकाच पॅलेटवर (रंगांच्या आकड्यांचा संच) काढा आणि पॅलेटचं नाव चित्राखाली लिहून टाका.