सरावासाठी ठोके मोजणारे साधे घड्याळ कसे निवडावे

धावणे, सायकल किंवा वेगाने चालणे यांच्या सरावासाठी हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ घ्यायचे असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: सराव चालू असताना तो आकडा पाहून आपण नेमके काय बदलणार आहोत. बहुतेकांचे उत्तर सरळ असते. ठोके ठरलेल्या मर्यादेवर गेले की वेग कमी करायचा आणि फार खाली आले की थोडा वाढवायचा. एवढ्या कामासाठी आकडा खात्रीचा हवा, तो पळतापळता एका दृष्टिक्षेपात वाचता यायला हवा आणि मर्यादा ओलांडली की घड्याळाने आपणहून कळवायला हवे. झोपेचे गुण, ताणाचा निर्देशांक, रक्तातील ऑक्सिजन, शंभर खेळांची यादी आणि मनगटावरून फोनवर बोलण्याची सोय यांचा सरावाशी फारसा संबंध नाही, आणि माझ्या मते त्यांच्यासाठी जास्तीचा एक रुपयाही मोजू नये.

गोव्यातील हवेमुळे हा आकडा येथे अधिक उपयोगी पडतो. मिरामारहून दोनापावलकडे जाणाऱ्या रस्त्यावर जानेवारीच्या पहाटे ज्या वेगाने धावताना ठोके आटोक्यात राहतात, त्याच वेगाने मे महिन्यात धावल्यास ते अर्ध्या तासात बरेच वर चढतात. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्ताचा मोठा भाग त्वचेकडे वळतो, घामामुळे रक्तातील द्रव कमी होतो, एका ठोक्यात फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण घटते आणि ती तूट भरून काढण्यासाठी हृदयाला अधिक वेळा आकुंचन पावावे लागते. हवा दमट असली की घाम वाळत नाही, म्हणून घाम भरपूर येऊनही शरीर हवे तेवढे थंड होत नाही. अशा दिवसांत किलोमीटरमागच्या मिनिटांना चिकटून राहणाऱ्यापेक्षा ठोक्यांकडे पाहून वेग उतरवणाऱ्याचा सराव अधिक शहाणपणाचा होतो.

ठोके मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि निवडीतील सर्वांत मोठा निर्णय याच ठिकाणी होतो. आजच्या बहुतेक घड्याळांच्या पाठीमागे हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्ताचे प्रमाण वाढले की परतणारा प्रकाश किंचित कमी होतो आणि त्या चढउतारावरून घड्याळ ठोके ठरवते. बसलेले असताना किंवा एकाच लयीत धावताना ही पद्धत चांगले काम करते. घड्याळ सैल असेल, मनगटावर गोंदण असेल किंवा सायकलचा हँडल घट्ट धरल्याने मनगट वाकलेले असेल, तर मात्र ती अडखळते. धावताना आणखी एक फसगत होते: हाताच्या हालचालीची लय घड्याळ ठोक्यांची लय समजते. मिनिटाला 165 ते 175 पावले पडत असतील आणि सहज गप्पा मारता येतील अशा वेगातही घड्याळ 170 ठोके दाखवत असेल, तर तो आकडा बहुधा पावलांचा आहे असे समजावे.

दुसरी पद्धत छातीला बांधायच्या पट्ट्याची. हा पट्टा ईसीजीप्रमाणे हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, त्यामुळे वेग अचानक वाढला तरी आकडा जवळजवळ लगेच बदलतो. फिनलंडमध्ये 1977 साली स्थापन झालेल्या पोलार कंपनीने 1980च्या दशकाच्या सुरुवातीस बिनतारी पट्टा आणि मनगटी घड्याळ अशी जोडी खेळाडूंच्या हाती दिली, आणि मनगटावरील हिरवे दिवे सर्वत्र दिसू लागले असले तरी अचूकतेत तो जुना पट्टा आजही सरस ठरतो. बांबोळीच्या मैदानावर 400 मीटरच्या जोरदार फेऱ्या आणि मध्ये विश्रांती असा सराव करणाऱ्याला मनगटावरचा आकडा बहुतेकदा उशिरा मिळतो. फेरी संपत आली तरी घड्याळ अजून चढत्या आकड्यावरच असते. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की घड्याळ कमी किमतीचे घ्यावे, पण ते छातीच्या पट्ट्याला जोडता येणारे असावे. सुरुवातीला पट्टा घेतलाच पाहिजे असे नाही. तो नंतर घेण्याची वाट मोकळी असली म्हणजे पुरे.

दुकानदारांची उत्तरे सर्वांत मोघम असतात ती याच मुद्द्यावर. “ब्लूटूथ आहे” याचा अर्थ बहुतेक वेळा घड्याळ फोनला जोडले जाते एवढाच असतो. आपण विचारायचे ते हे, की बाहेरचा हार्ट रेट सेन्सर हे घड्याळ स्वीकारते का. होय म्हटल्यास सेटिंगमध्ये सेन्सर जोडण्याचा पर्याय तेथेच उघडून दाखवायला सांगावे. पट्टे मुख्यतः ब्लूटूथ किंवा अँट प्लस या दोन मार्गांनी संकेत पाठवतात आणि काही पट्ट्यांत दोन्ही असतात. दोन्ही असलेला पट्टा घेतल्यास पुढे घड्याळ किंवा कंपनी बदलली तरी तो वाया जात नाही.

पडदा तपासताना दुकानातील दिव्यांवर विसंबू नये. घड्याळ दाराबाहेर उन्हात नेऊन, हात हलवत, ठोक्यांचा आकडा वाचता येतो का ते पाहावे. चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागलेल्यांनी ही परीक्षा चष्म्याशिवाय करावी, कारण धावताना तो डोळ्यांवर नसतो. काही घड्याळे पाच-सहा माहित्या एकाच पडद्यावर दाटीवाटीने दाखवतात. त्यांत फक्त ठोके मोठ्या अक्षरांत दाखवणारे पान बनवता येते का, हे विचारावे. सराव सुरू आणि बंद करण्यासाठी बाजूला खरी बटणे असावीत. ओल्या बोटांना आणि पावसाच्या थेंबांना स्पर्शाचा पडदा दाद देत नाही, किंवा नको तेव्हा आपणहून चालू लागतो, हे जून ते सप्टेंबर या काळात बाहेर पडणाऱ्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. मर्यादेचा इशारा आवाजाबरोबर थरथरीनेही मिळावा, कारण समुद्राच्या गाजेत आणि वाहनांच्या गोंगाटात बारीक टिकटिक ऐकू येत नाही.

पाण्याबाबत 5 एटीएम म्हणजे 50 मीटर असे लिहिलेले घड्याळ घ्यावे. ते 50 मीटर खोल नेण्याचा तो परवाना नव्हे. तो आकडा स्थिर पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा आहे. घाम, पाऊस आणि साधे पोहणे यांसाठी तो पुरेसा असतो. पोहताना ठोके मोजायचे असतील तर प्रश्न वेगळा होतो, कारण ब्लूटूथ आणि अँट प्लस यांचे संकेत पाण्यातून फारसे जात नाहीत. गोव्यात 2019 मध्ये आयर्नमॅन 70.3 शर्यत सुरू झाल्यापासून 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे अशा तयारीला लागलेले अनेक जण भेटतात. त्यांच्या गरजा मोठ्या आहेत आणि हा लेख त्यांच्यासाठी नाही.

आता सर्वाधिक दुर्लक्षित भाग. घड्याळ ठोक्यांचे झोन, म्हणजे सरावाच्या जोरानुसार पाडलेले टप्पे, आपोआप ठरवते, आणि ते बहुधा मिनिटाला कमाल ठोके सांगणाऱ्या 220 उणे वय या सूत्रावर बेतलेले असतात. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेले दुसरे सूत्र 208 उणे वयाच्या 0.7 पट असे आहे. वय 40 असताना दोन्ही 180 हेच उत्तर देतात, मात्र साठाव्या वर्षी पहिले 160 आणि दुसरे 166 सांगते. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत आणि एखाद्या माणसाची खरी कमाल त्याहून दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणे अगदी सामान्य आहे.

त्यातही टक्के कशाचे काढायचे यावर उत्तर बदलते. समजा, 45 वर्षांच्या व्यक्तीची कमाल 176 आणि विश्रांतीचे ठोके 64 आहेत. कमाल आकड्याचे 60 ते 70 टक्के काढल्यास मर्यादा 106 ते 123 येते. कार्व्होनेन पद्धतीने कमाल आणि विश्रांती यांतील फरकाचे, म्हणजे 112 चे, 60 ते 70 टक्के काढून त्यात 64 मिळवल्यास ती 131 ते 142 होते. एकाच माणसासाठी, एकाच नावाच्या झोनमध्ये, वीसएक ठोक्यांचा फरक पडला. म्हणून झोनच्या मर्यादा हाताने भरता येणारे घड्याळच घ्यावे. ज्यात हा पर्याय नाही, त्याची बाकी वैशिष्ट्ये कितीही आकर्षक असली तरी ते बाजूला ठेवावे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषध चालू असल्यास ठोके मुळातच कमी राहतात आणि ही सूत्रे लागू पडत नाहीत. अशांनी, तसेच छातीत दुखणे, चक्कर किंवा अनियमित धडधड यांचा अनुभव असणाऱ्यांनी मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. घड्याळाचा आकडा हे निदान नव्हे.

खरेदी केल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी घड्याळाची परीक्षा घ्यावी. पाच मिनिटे शांत बसून अंगठ्याखालील नाडी 30 सेकंद मोजावी, दुप्पट करावी आणि घड्याळाशी ताडून पाहावी. पंधराच सेकंद मोजल्यास एक ठोका चुकला तरी उत्तरात चारचा फरक पडतो. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटे वर, पट्टा सरकणार नाही पण व्रणही उठणार नाही इतपत घट्ट बांधावे. मग आल्तिन्हसारखा चढ घ्यावा: तो चढताना आकडा सलग वाढला पाहिजे आणि माथ्यावर थांबल्यावर हळूहळू उतरला पाहिजे. मध्येच एकदम 40 ठोक्यांची उडी दिसली, किंवा धाप लागलेली असताना आकडा 95 वर अडकून राहिला, तर घट्ट बांधून पुन्हा पाहावे. तरीही तसेच घडल्यास घड्याळ परत करावे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. जीपीएस असले तर अंतर कळते, पण ठोक्यांवर सराव करण्यासाठी ते आवश्यक नाही. बॅटरीचे दिवस जाहिरातीतून वाचू नयेत; सराव नोंदवताना ती किती तास टिकते ते विचारावे. वॉरंटीचे काम गोव्यातच होते की घड्याळ कुरिअरने बाहेर पाठवावे लागते, आणि त्यात पाणी शिरल्याची तक्रार धरली जाते का, याची उत्तरे पैसे देण्यापूर्वी मिळवावीत.

छातीचा पट्टा बांधण्यापूर्वी त्याच्या आतील बाजूचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करावेत; कोरड्या पट्ट्याचे पहिल्या काही मिनिटांतील आकडे भरवशाचे नसतात. सराव संपल्यावर सेन्सर पट्ट्यापासून सोडवावा, कारण ओल्या पट्ट्यावर तो जागाच राहून आपली बटणासारखी बॅटरी संपवत बसतो. पट्टा आणि घड्याळ दोन्ही साध्या पाण्याने धुऊन पंख्याखाली वाळवावीत. चार्जिंगची टोके पुसून कोरडी केल्याशिवाय घड्याळ चार्जरला लावू नये, कारण घामाचे मीठ आणि वीज एकत्र आली की ती टोके गंजतात आणि चांगले चालणारे घड्याळ केवळ चार्ज होत नाही म्हणून निकामी होते.