‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’मधील वर्ग आणि जबाबदारी कशी वाचावी

जे. बी. प्रीस्टली यांचे हे नाटक १९४५ साली रंगमंचावर आले, पण त्यातील प्रसंग १९१२ मधले आहेत. हे अंतर मनात ठेवूनच वाचावे, कारण युद्ध होणार नाही असे कारखानदार बर्लिंग ठामपणे सांगतो तेव्हा प्रेक्षकांना पुढचे सारे ठाऊक असते. मग पैशाकडे पाहावे. आठवड्याला २५ शिलिंग मागून संपात पुढे राहिलेल्या इव्हा स्मिथला कामावरून काढणारा हा मालक मुलीच्या साखरपुड्याला पोर्ट वाइन पाजत असतो. माझ्या मते सर्वांत सावकाश वाचावा तो श्रीमती बर्लिंग यांचा प्रसंग: गरोदर इव्हाला मदत नाकारून त्या सारा दोष बाळाच्या बापावर ढकलतात आणि तो बाप त्यांचाच मुलगा एरिक निघतो. अखेरीस, इव्हाच्या मृत्यूची चौकशी करायला आलेला इन्स्पेक्टर गेल्यावर कोण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि कोणाला तो टाकता येत नाही, हे वेगळे टिपून ठेवावे.