कचऱ्याची गाडी डिझेलवरून बॅटरीवर आणताना या चुका टाळा

मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली, तरी गाडी सुरू होत नाही. इलेक्ट्रिक टिपर नवीन घेतलेल्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकणारा बिघाड हाच. दोष बहुतेक वेळा १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत असतो. मोठी बॅटरी गाडीशी जोडणारा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) हिच्याच जोरावर जोडला जातो, त्यामुळे ही उतरली की सगळंच बंद.

ती उतरते चालकाच्या चांगल्या हेतूमुळे. डिझेल घंटागाडीचं इंजिन गल्लीभर चालू असायचं आणि अल्टरनेटर बॅटरी भरत राहायचा. आता चार्ज वाचावा म्हणून चालक दर थांब्यावर गाडी ‘रेडी’मधून (म्हणजे चालायला तयार स्थितीतून) बाहेर काढतो. स्पीकर मात्र वाजत राहतो. काही छोट्या टिपरमध्ये हौदा उचलणारा हायड्रॉलिक पंपही याच बॅटरीवर चालतो. मोठ्या बॅटरीतून छोटी भरणारा कन्व्हर्टर सहसा गाडी ‘रेडी’त किंवा चार्जिंगला असतानाच काम करतो. म्हणून स्पीकर आणि हौदा वापरताना गाडी ‘रेडी’तच ठेवा. उभ्या गाडीत त्यासाठी लागणारी वीज फार थोडी असते.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची छोटी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. १२.२ च्या खाली गेली असेल तर ती कमजोर आहे. गाडी ‘रेडी’त घेतल्यावर आकडा साडेतेराच्या वर चढला नाही, तर कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज पाहा. जंप देताना शेजारच्या मोठ्या कॉम्पॅक्टरची (कचरा दाबून भरणाऱ्या ट्रकची) बॅटरी जोडू नका. ती २४ व्होल्टची असते, गाडीतले कंट्रोलर जळतील. छोट्या गाडीच्या १२ व्होल्टवरूनच जंप द्या.

चार्जिंगची जागा

दुसरी मोठी चूक म्हणजे ऑफिसच्या भिंतीवरल्या थ्री-पिनमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड लावून चार्जिंग करणं. ३.३ किलोवॉटचा चार्जर सलग सहा-सात तास साधारण १५ अँपिअर ओढतो. साधा सॉकेट इतका वेळ टिकत नाही. आधी पिनच्या भोकाभोवती तपकिरी डाग पडतो, मग प्लास्टिक मऊ होतं. डाग दिसला त्याच दिवशी सॉकेट बदला. प्रत्येक गाडीला निळा इंडस्ट्रियल सॉकेट, ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण वेगळं द्या. दहा गाड्या म्हणजे ३३ किलोवॉट. गाड्या येण्याआधीच हेस्कॉमकडून (वीज कंपनीकडून) लोड मंजूर करून घ्या आणि तिन्ही फेजवर ३-३-४ अशी वाटणी करा. ईव्ही चार्जिंगचा वीजदर वेगळा आहे, त्यासाठी मीटरही वेगळा मागा. ग्रामपंचायतीच्या ‘स्वच्छ वाहिनी’ या कचरागाडीसाठी शेतीपंपाच्या लाइनवरून जोडणी घेऊ नका. तिथे वीज ठरावीक तासच असते आणि दाबही खालीवर होतो.

चार्जर मध्येच बंद पडून ‘अर्थ फॉल्ट’ दाखवत असेल, तर चार्जर बदलायच्या आधी अर्थिंग बघा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये तीन-चार व्होल्टहून जास्त दिसले तर वायरमनकडून अर्थ-पिट नीट करून घ्या.

किलोमीटरचा हिशेब

कंपनीने सांगितलेल्या रेंजवर वॉर्ड वाटू नका. थांबत-निघत, भरलेल्या गाडीला तेवढी रेंज मिळत नाही. मार्ग ठरवण्याआधी एक आठवडा रोज सकाळी आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के लिहून ठेवा. समजा ९५ टक्क्यांवर निघालेली गाडी तुरमुरीला, बेळगावच्या कचरा डेपोवर, कचरा ओतून ४० किमीनंतर ३५ वर परतली. दुसरी खेप तेवढीच असेल, तर ती आहे त्या चार्जवर होणार नाही. दुपारी दोन तास चार्जिंगला लावली, तरी २१ युनिटच्या बॅटरीत पाव भागाहून थोडीच जास्त भर पडेल. दुसरी खेप जवळच्या वॉर्डाची ठेवा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आठवड्यातून एकदा पूर्ण १०० टक्के भरा, नाहीतर टक्क्यांचा आकडा हळूहळू खोटा होत जातो आणि ‘२० टक्के’ दाखवत असताना गाडी रस्त्यात थांबते.

पाऊस आणि धुलाई

खानापूर-कणकुंबीच्या पावसाचा धोका आहेच, पण धुलाईचा पाइप त्याहून घातक. बॅटरीवरचा आयपी६७ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा म्हणजे ती थोडा वेळ उथळ पाण्यात बुडाली तरी चालेल, पण जोराचा फवाराही चालेल असं नव्हे. नारिंगी (जास्त व्होल्टच्या) केबलच्या जोडांवर जेट मारू नका आणि जोड उघडूही नका. हौद्यातून गळणारं कचऱ्याचं पाणी आंबट असतं, ते अर्थिंगच्या पट्ट्या खातं. रोज साध्या पाण्याने खालून धुवा आणि हौद्याचं गळतं रबर वेळेत बदला.

उतारावरची सवय

इलेक्ट्रिक गाडीत वेग बराचसा मोटरच आवरते, म्हणून ब्रेक कमी वापरले जातात आणि पावसाळ्यात गंजतात. महिन्यातून एकदा चाक काढून बघा. बॅटरी १०० टक्के असेल तर मोटरचं हे आवरणं जवळजवळ बंद असतं, कारण परत आलेली वीज साठवायला जागाच नसते. तवंदी घाटासारख्या उतारावर सकाळीच जायचं असेल, तर त्या गाडीचं चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवा आणि सुरुवातीलाच दोनदा ब्रेक दाबून पकड बघा.