म्हाताऱ्यांचा कार्यक्रम ठेवताय? चावी घेतली का?

खुर्च्या, माईक, पिण्याचं पाणी हे मी सांगत बसत नाही, तेवढं कोणालाही कळतं. मलाही कळलं होतं. कळली नाही ती हॉलच्या बाथरूमची चावी. गेल्या वर्षी फोंड्याकडे आमच्या वाड्यावर साठीच्या पुढच्या पुरुषांना जमवलं, तीस-पस्तीस जण आले, पंखे फुल, आणि बाथरूमला कुलूप, चावीवाला म्हापशाला लग्नाला गेलेला! पाऊण तासात एकेक जण "आलो हां" म्हणून उठला तो परत आलाच नाही. मला वाटलं पाहुण्याचं भाषण रटाळ आहे. तसं ते होतंच, पण लोक त्यामुळे उठले नव्हते. या वयात निम्म्या पुरुषांची तरी प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेली असते, सारखी लघवी लागते, वर बीपीची लघवी करवणारी गोळी, वर साखर. 2023 साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासाचे आकडे आले त्यात मधुमेह देशात सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात, 26.4 टक्के. आणि यातला एकजण तोंड उघडून विचारणार नाही, सरळ घरी जाणार.

म्हणून चावी आदल्या दिवशी स्वतःच्या हातात. "तो उघडून ठेवणार" चालणार नाही. स्वतः जाऊन कुलूप काढा, नळ सोडून बघा, बल्ब बघा, कडी आतून लागते का आणि परत निघते का तेही बघा.

आता बोलावणं. बॅनरवर 'एकाकीपणा' वगैरे लिहू नका, पुरुष फिरकणार नाहीत, त्यांच्या बायका येतील. काहीतरी काम काढा. ऑस्ट्रेलियात 1990 नंतर 'मेन्स शेड' (पुरुषांनी जमून सुतारकाम वगैरे करायच्या जागा) निघाल्या त्या याच हिशोबाने, समोर बसवून बोला म्हटलं की पुरुष गप्प, पण बाजूबाजूला उभे राहून रंधा मारताना पोटातलं सगळं बाहेर पडतं. आपल्याकडे तर चवथच (गणेश चतुर्थी) आहे, माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगतात तिची) चौकट करायला बोलवा, पेटी दुरुस्तीला काढा, घुमटाला (मातीच्या वाद्याला) चामडं चढवायला बसवा (बकऱ्याचं हां, घोरपडीचं काढलं तर केस होईल). ज्याला भजनाला कधी बोलवावं लागत नाही तो इथेही येतो, फक्त त्याला "तुमच्याशिवाय जमत नाही" असं घरी जाऊन सांगा. व्हॉट्सॲपवर नको. आणि घरी गेलात की परत येताना चावीवाल्याकडे डोकावा.

वेळ चारनंतर, त्याआधी सगळे झोपलेले असतात, त्यांना उठवायचं पाप करू नका. भजनाचा वार सोडून. काळोखाच्या आत संपवा, शेवटची बस चुकली तर शिव्या तुम्हालाच.

चहाच्या किटल्या दोन, बिनसाखरेची वेगळी, तिच्यावर कागद चिकटवा, नाहीतर वाढणारी पोरं घोळ घालतात. भजी थोडी. चहा प्यायला की अर्ध्या तासात काय लागतं? चावी.

भाषण एकच, दहा मिनिटं, राजकारणी नको. शाल-श्रीफळ नको, वेळ जातो. सोडायला दोन स्कूटरवाली पोरं. पुढची तारीख उठायच्या आधी सांगा. फोटो वगैरे काढा हवे तर.

आणि चावीची डुप्लिकेट बाजारात करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.